डोंबिवलीतून वेंगुर्ल्याचा संगणक चालू करायचा, तर आधी पंखा पाहावा

प्रश्नाचा सारांश आधी देतो. वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू प्रक्रिया कारखान्याच्या कार्यालयात हिशेबाचा संगणक आहे. मालक वर्षाचा बराच काळ डोंबिवलीला असतात, आणि काजूच्या हंगामात खरेदीच्या नोंदी पाहता याव्यात म्हणून तो संगणक लॅनमार्फत, म्हणजे कार्यालयातील केबलच्या नेटवर्कमार्फत, दुरून चालू करण्याची सोय त्यांनी करून घेतली आहे. मध्यंतरी प्रोसेसरचा पंखा बिघडला, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने चार तारांच्या पंख्याच्या जागी तीन तारांचा पंखा बसवला. तेव्हापासून संगणक कधी जागा होतो, कधी होत नाही, आणि कारखान्यातील माणूस जाऊन पाहतो तेव्हा पडद्यावर पंख्याची तक्रार व ‘एफ-१ दाबा’ ही सूचना दिसते. जुन्या मदरबोर्डाच्या (संगणकातील मुख्य पाटीच्या) पुस्तिकेत ‘डब्ल्यूओएल’ म्हणजे ‘वेक ऑन लॅन’ नावाचा तीन पिनांचा जोड दाखवलेला होता, तो आताच्या बोर्डावर नाही, म्हणून या बोर्डात सोयच अपुरी आहे का, अशीही त्यांची शंका आहे.

पंख्याची तक्रार आणि संगणक न उठणे या दोन गोष्टी वेगळ्या धरून त्यांचा वेगवेगळा शोध घेतला तर बराच वेळ जाईल. नेटवर्कवरून आलेला संदेश संगणकाला केवळ चालू करतो. त्यानंतरची तपासणी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी बोर्डावरील मूळ प्रणाली, स्वतः करतो, आणि त्या तपासणीत कोठेही कळ दाबली जाण्याची वाट पाहिली गेली, तर दूर बसलेल्या माणसाला संगणक जागा झालाच नाही असे दिसते. किनाऱ्यावरील कार्यालयांचे जे संगणक माझ्याकडे देखभालीला आहेत, त्यांच्याबाबत ‘लॅनवरून उठत नाही’ अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की कॅबिनेटचा दिवा लागला आहे का. दिवा लागलेला असेल, तर संदेश पोहोचला आहे आणि दोष पुढच्या टप्प्यात आहे. आपल्या प्रकरणात कारखान्यातील माणसाला पडद्यावर सूचना दिसते, म्हणजे संगणक उठलेला आहे. तेव्हा सुरुवात पंख्यापासून करू.

मदरबोर्डावरील पंख्याच्या जोडात पहिली पिन ग्राउंडची, दुसरी १२ व्होल्टची आणि तिसरी पंख्याच्या फेऱ्या कळवणारी असते. चार पिनांच्या जोडात चौथी पिन वेग ठरवण्यासाठी असते. तिसऱ्या तारेवर पंखा दर फेरीला दोन स्पंद पाठवतो, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्या घेणारा पंखा सेकंदाला ५० स्पंद देतो, आणि बोर्ड ते मोजून आरपीएमचा आकडा दाखवतो. चौथ्या तारेवर बोर्ड सुमारे २५ किलोहर्ट्‌झचा चालू-बंद होणारा संकेत पाठवतो आणि त्यातील चालू काळाचे प्रमाण वाढले की वेग वाढतो. या पीडब्ल्यूएम पद्धतीचा मोठा गुण असा, की पंख्याला १२ व्होल्ट सदैव पूर्ण मिळतात, त्यामुळे कमी वेगावरही सुरू होताना तो सहसा अडखळत नाही. तीन तारांच्या पंख्यात ही चौथी तार नसल्यामुळे त्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच कमी करावे लागते. बायोसमध्ये या पद्धतीला ‘डीसी’ म्हटलेले असते.

तीन तारांचा पंखा चार पिनांच्या जोडात बसतो, आणि बाजूच्या प्लास्टिकच्या पट्टीमुळे तो उलटा किंवा सरकून बसत नाही, त्यामुळे तेवढ्याने काही जळण्याची भीती नाही. बायोसमध्ये त्या जोडाची मांडणी (सेटिंग) पीडब्ल्यूएमवर असेल तर असा पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो. आवाज होतो, पण तक्रार येत नाही. मांडणी डीसी किंवा स्वयंचलित असेल, तर सुरुवातीलाच बोर्ड त्याला कमी व्होल्टेज देऊ शकतो, आणि धूळ बसलेला किंवा बेअरिंगमधील वंगण घट्ट झालेला पंखा तेवढ्यावर फिरू लागत नाही. आपल्याकडे तक्रार अधूनमधून येते, ही महत्त्वाची खूण आहे. कारागिराने पंखा ‘सीपीयू फॅन’ ऐवजी शेजारच्या ‘सिस्टम फॅन’ किंवा ‘चासिस फॅन’ या जोडात लावला असता, तर सीपीयूच्या जोडावर एकही स्पंद आला नसता आणि तक्रार प्रत्येक वेळी आली असती. ज्या अर्थी ती कधी येते आणि कधी येत नाही, त्या अर्थी पंखा योग्य जागी लागलेला असावा, पण सुरू होताना कधी वेळेत वेग घेतो आणि कधी घेत नाही, असे मानायला जागा आहे.

आणखी एक शक्यता याच खुणेशी जुळते. संगणक निद्रावस्थेतून म्हणजे एस-३ मधून उठतो, तेव्हा बहुतेक बोर्डांत सुरुवातीची पूर्ण तपासणी होत नाही, पण पूर्ण बंद अवस्थेतून म्हणजे एस-५ मधून उठताना ती होते. कारखान्यात कोणी संगणक संध्याकाळी ‘स्लीप’ करून जात असेल आणि कोणी ‘शट डाऊन’ करून, तर तोच पंखा एके दिवशी अडवणार नाही आणि दुसऱ्या दिवशी अडवील. तेथील माणसाला हे विचारून घ्यावे. या एका उत्तराने तपास निम्म्यावर येतो.

उपाय म्हणून माझा आग्रह चार तारांचा, पीडब्ल्यूएमचा पंखा पुन्हा बसवण्याचा आहे. तोपर्यंत बायोसमध्ये सीपीयू फॅनची मांडणी पीडब्ल्यूएमवर ठेवून तीन तारांचा पंखा पूर्ण वेगाने चालू द्यावा. काही बोर्डांवर वेगाची खालची मर्यादा निवडता येते. २०० ते ६०० आरपीएमपर्यंतचे पर्याय असतात, आणि एक पर्याय ‘इग्नोर’ म्हणजे दुर्लक्ष करण्याचा असतो. मोठ्या पात्यांचा संथ पंखा ५०० आरपीएमवर निरोगी फिरत असतानाही ६०० च्या मर्यादेमुळे तक्रार येऊ शकते. तेथे मर्यादा खाली आणणे योग्यच आहे. ‘इग्नोर’ मात्र निवडू नये. समोर माणूस बसत असेल तर पंखा बंद पडल्याचे त्याच्या कानाला कळते. दुरून चालवल्या जाणाऱ्या संगणकाजवळ कोणी नसते, आणि प्रोसेसर तापल्यावर आधी वेग कमी करून व शेवटी स्वतःला बंद करून आपला बचाव करीत असला, तरी अचानक बंद पडण्यात हिशेबाची उघडी फाइल खराब होण्याचा धोका राहतोच. जो इशारा अडचण करतो तो बंद करण्याची सवय आपल्या दुरुस्तीच्या व्यवसायात फार आहे, आणि ती घातक आहे.

पंखा थेट एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) मोठ्या चार पिनांच्या जोडाला लावण्याचा जुगाडही बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्यात फेऱ्यांची तार बोर्डापर्यंत येतच नाही, त्यामुळे सीपीयूसाठी तो चालत नाही. एका जोडावरून दोन पंखे चालवायचे असतील, तर दुभाजक तारेत फेऱ्यांची तार एकाच पंख्याची असावी, आणि दोघांचा मिळून प्रवाह त्या जोडाच्या मर्यादेत असावा. साधारणपणे ही मर्यादा १ अँपियर, म्हणजे १२ वॅट असते. पाण्याने थंड करणाऱ्या यंत्रणेच्या पंपासाठीच्या जोडांना ती अधिक असते, पण पुस्तिका पाहूनच ठरवावे.

कोकण किनाऱ्यावर पंख्याचा प्रश्न घाटमाथ्यापेक्षा लवकर उभा राहतो, याला कारण आहे. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण पंखा स्वतःच कॅबिनेटमध्ये ओढून आणतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून ओले होते, आणि येथे पावसाळ्यात आर्द्रता कित्येक दिवस त्याहून वरच असते. असा ओला थर पिनांवर, जोडाच्या आतील पत्र्यांवर आणि बोर्डावर बसून राहतो. काजूच्या कारखान्यात त्यात टरफलांची भुकटी आणि टरफलाच्या तेलाचा चिकट अंश मिसळतो, त्यामुळे पात्यांवरची धूळ नुसत्या ब्लोअरने निघत नाही. पंखा बदलताना जोड दोन-तीन वेळा काढून घालावा, पिना हिरवट दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, आणि पंखा शक्यतो बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचा घ्यावा. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा स्वस्त पंखा या हवेत मी सुचवत नाही.

आता त्या ‘डब्ल्यूओएल’ जोडाची शंका. दुरून संगणक उठवण्यासाठीच्या मॅजिक पॅकेटचे तंत्र एएमडीने १९९५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि इंटेल व आयबीएम यांनी ते १९९७ मध्ये ‘वेक ऑन लॅन’ या नावाने पुढे आणले. त्या काळी नेटवर्क कार्ड बोर्डावरील पीसीआय नावाच्या खाचेत बसत असे, आणि संगणक बंद असताना त्या खाचेतून त्याला वीज मिळत नसे. म्हणून कार्डापासून बोर्डापर्यंत तीन तारांची वेगळी जोडणी लागे, ज्यात एक तार ५ व्होल्टच्या राखीव विजेची, एक ग्राउंडची आणि एक ‘उठ’ हा संकेत देणारी असे. पीसीआय २.२ या प्रमाणापासून राखीव वीज आणि उठवण्याचा संकेत खाचेतूनच मिळू लागले. पुढे तर नेटवर्कची चिप बोर्डावरच आली आणि तो जोड नाहीसा झाला. तेव्हा आपल्या बोर्डावर तो नसणे ही उणीव नाही. ज्यांच्याकडे अजून जुना बोर्ड चालू आहे त्यांनी मात्र तीन पिना दिसल्या म्हणून तेथे पंखा लावू नये, कारण संगणक बंद असतानाही त्या जोडावर ५ व्होल्ट असतात आणि पंख्याला लागणारे १२ व्होल्ट तेथे कधीच मिळत नाहीत.

ही राखीव वीज हाच सगळ्या सोयीचा प्राण आहे. एटीएक्स एसएमपीएस भिंतीतून वीज मिळत असेपर्यंत ५ व्होल्टची एक वाट कायम चालू ठेवतो. चोवीस पिनांच्या मोठ्या जोडातील नववी, जांभळी तार तिची. जुन्या बोर्डांच्या पुस्तिकांत या वाटेवर किमान ७२० मिलिअँपियर हवेत अशी अट छापलेली आढळते. आजचे एसएमपीएस त्याहून बरेच अधिक देतात, पण दहा-बारा वर्षे खाऱ्या हवेत काढलेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले असतात, आणि तेव्हा सर्वात आधी हीच वाट डळमळते. संगणक बंद असताना लॅनच्या जोडाजवळचा दिवा लागत नसेल, तर पुढील कोणतीही मांडणी बदलण्यापूर्वी वीज का पोहोचत नाही ते शोधावे.

त्याचे सर्वात सामान्य कारण बायोसमध्येच असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बंद उपकरणाचा वीजवापर २०१३ पासून अर्ध्या वॅटच्या आत ठेवावा लागतो. त्यासाठी बोर्डांत ‘ईआरपी’ नावाची मांडणी दिली जाते, आणि ती चालू असेल तर बंद अवस्थेत लॅनची वीजही तोडली जाते. काही उत्पादक तिला ‘डीप स्लीप’ म्हणतात. ती बंद करून ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’ किंवा ‘वेक ऑन लॅन’ चालू करावे. यासाठी खर्ची पडणारी वीज किरकोळ आहे. बंद संगणकाने सतत २ वॅट घेतले असे धरले, तरी वर्षाला साडेसतरा युनिट होतात, आणि ४० वॅट घेणारा संगणक वर्षभर चालूच ठेवला तर ३५० युनिट लागतात.

विंडोजमध्ये दोन ठिकाणी लक्ष द्यावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत या उपकरणाला संगणक उठवण्याची परवानगी द्यावी आणि ती केवळ मॅजिक पॅकेटपुरती ठेवावी. एरवी नेटवर्कवरील किरकोळ हालचालीनेही संगणक मध्यरात्री उठून बसतो. दुसरे म्हणजे विंडोज ८ पासून आलेला ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावा. त्यात शट डाऊन केलेला संगणक खरे तर मिश्र अवस्थेत जातो, आणि त्या अवस्थेतून लॅनवरून उठवण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. काही कार्डांचे चालक (ड्रायव्हर) पूर्ण बंद अवस्थेसाठी ‘शटडाऊन वेक ऑन लॅन’ असा वेगळा पर्याय देतात, तोही चालू करावा. संगणक वायफायवर असेल तर बंद अवस्थेतून उठण्याची आशा धरू नये. राउटरपर्यंत केबल टाकावी.

मॅजिक पॅकेटची रचना अगदी साधी आहे. आधी सहा बाइट ‘एफएफ’, आणि मागोमाग त्या संगणकाचा सहा बाइटचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट. बंद संगणकाचे नेटवर्क कार्ड येणाऱ्या प्रत्येक संदेशात एवढाच क्रम शोधत असते. बंद संगणकाला आयपी पत्ता नसतो, म्हणून हा संदेश सहसा स्थानिक नेटवर्कमधील सर्वांना उद्देशून सोडला जातो, आणि असे सर्वांसाठीचे संदेश राउटर बाहेरून आत येऊ देत नाही.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेला संदेश आतल्या ठराविक पत्त्याकडे वळवण्याची सोय) करून संदेश थेट संगणकाच्या पत्त्यावर पाठवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. संगणक बंद केल्याबरोबर चाचणी घेतली तर ती यशस्वी होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गोष्ट चालत नाही. आयपी पत्ता आणि मॅक पत्ता यांची जोडी राउटर थोडा वेळच लक्षात ठेवतो, आणि बंद संगणक त्याच्या विचारणेला उत्तर देऊ शकत नाही, हे त्याचे कारण. शिवाय मोबाइल जाळ्यावरून आणि कित्येक फायबर जोडण्यांवरून मिळणारा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून राउटरपर्यंत पोहोचताच येत नाही. राउटरने दाखवलेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर जोडणी या प्रकारची आहे असे समजावे.

यावर टिकाऊ मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे कारखान्याच्या आतच सतत चालू राहणारे एक छोटे उपकरण ठेवणे. व्हीपीएनची (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणीची) सोय असलेला चांगला राउटर किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक पुरतो. डोंबिवलीहून व्हीपीएनने त्या उपकरणात शिरावे आणि मॅजिक पॅकेट त्याच्याकडून आतूनच सोडवावे. पत्ता वाटलेला असेल, तर जोडणीची सुरुवात या आतील उपकरणाने करून बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला ती धरून ठेवावी. यामुळे संगणकाचा रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवण्याची गरज उरत नाही, आणि हिशेबाच्या संगणकाबाबत मला तेच अधिक मोलाचे वाटते.

वीज खंडित होण्याचा विचार केल्याशिवाय कोकणात हे उत्तर पुरे होत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगडकडील कित्येक गावांत वीज येण्यास आठवडे लागले. तेवढे मोठे संकट नसले, तरी पावसाळ्यात तारेवर फांदी पडून काही तास वीज जाणे हे नित्याचे आहे. भिंतीतील वीज गेली की राखीव ५ व्होल्टही जातात, आणि वीज परत आल्यावर कित्येक बोर्डांत नेटवर्क कार्ड मॅजिक पॅकेट ऐकण्याच्या स्थितीत नसते. संगणक एकदा पूर्ण सुरू होऊन नीट बंद झाला की मगच ते पुन्हा सज्ज होते. म्हणून बायोसमधील ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ ही मांडणी ‘पॉवर ऑन’ वर ठेवावी. वीज आली की संगणक आपोआप उठेल, आणि काम नसल्यास ठराविक वेळाने स्वतः बंद होण्याची योजना विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये करता येते. येथेही सुरुवात माणसाविनाच होते, त्यामुळे पंख्याची तक्रार असलेला संगणक याही वेळी एफ-१ पाशी थांबून राहील. चालू होताना मागितला जाणारा बायोसचा पासवर्ड असेल, तर तोही याच कारणासाठी काढावा लागेल.

राउटर, फायबरची पेटी आणि ते छोटे उपकरण ही तिन्ही संगणकाच्याच यूपीएसवर असावीत. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवण्याची आपल्याकडील पद्धत योग्यच आहे. ती मोडावी असे मी म्हणणार नाही. प्लगबरोबर लॅनची केबलही काढावी, कारण लांब केबलीतून येणारा धक्का लॅनची चिप जाळतो. फक्त विजांचा जोर ओसरल्यावर दोन्ही पुन्हा लावण्याची जबाबदारी एका ठराविक माणसाकडे द्यावी.

पावसाळ्यात कारखाना थंडावतो आणि संगणक आठवडेच्या आठवडे बंद अवस्थेत राखीव विजेवर राहतो. ओलसर बोर्डावर सतत विजेचा दाब असला की धातूचा क्षय वेगाने होतो. जून ते सप्टेंबर या काळात काम नसले, तरी संगणक रोज तासभर दुरून चालू करावा, म्हणजे तो आतून ऊबदार आणि कोरडा राहतो, शिवाय सोय शाबूत आहे की नाही याचीही रोज परीक्षा होते. त्या तासाभरात सीपीयू पंख्याचा आरपीएम पाहून नोंदवून ठेवावा. महिन्याभरात तो एकाच भाराखाली सतत घसरत असल्याचे दिसले, तर पंखा बंद पडण्याची वाट न पाहता नवा मागवावा.

पंखा बदलल्यावर चाचणी पुढील क्रमाने घ्यावी. प्रथम संगणक पूर्ण बंद करून लॅनचा दिवा पाहावा. मग त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्राकडून पॅकेट सोडावे. ते जमले की रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा सोडावे, त्यानंतर डोंबिवलीहून व्हीपीएनमार्फत, आणि शेवटी विजेचे मुख्य बटण बंद करून, दहा मिनिटांनी चालू करून. या शेवटच्या चाचणीच्या वेळी कीबोर्ड आणि मॉनिटर काढून ठेवावेत, कारण कीबोर्ड नसल्याची तक्रार करून थांबणारे बोर्डही आहेत, आणि ती तपासणी बायोसमध्ये वेगळी बंद करावी लागते.